अधिकार आणि राहिलेला पेपर

धुळ्यातल्या एखाद्या महाविद्यालयात गणित मेजर घेऊन बी.एस्सी.चे पहिले वर्ष पुरे केलेली मुलगी दुसऱ्या वर्षाला सुरतेला किंवा पुण्याला जायचे म्हणते. कारण कोणतेही असेल. लग्न, वडिलांची बदली, घरातले आजारपण, किंवा नुसते सुरतेत मिळालेले काम. खान्देशातल्या कितीतरी घरांचे अर्धे गोत आज सुरतेच्या उधना-लिंबायतीतच राहते. तिच्याजवळ टीसी असते, मायग्रेशन असते, गुणपत्रिका असते, आता एबीसी (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीही असतो. तरी नव्या विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी विभागात अर्ज अडतो. तिकडे मेजरचा जो पेपर पहिल्या वर्षात होऊन जातो, तो इकडे दुसऱ्या वर्षाला ठेवलेला असतो. क्रेडिटची बेरीज जुळते, पण पुढच्या पेपराला आधी लागणारा पेपर गुणपत्रिकेत नसतो. अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, पुन्हा पहिल्या वर्षाला बसा. दुसरे, कोणाची तरी ओळख काढा आणि चालवून घ्या. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी एक प्रश्न विचारलेलाच नसतो: तो राहिलेला पेपर पुढच्या शिक्षणाला खरोखर लागतो का? लागत असेल तर किती, आणि या विशिष्ट मुलीला लागतो का? हे काम कारकुनी वाटते, पण त्याच्या तळाशी अधिकाराचा प्रश्न आहे, आणि भारतीय तत्त्वचिंतनाने त्यावर विद्यापीठांच्या कितीतरी आधी डोके खपवले आहे. त्या चर्चेतून मला जे निघते असे दिसते ते असे: आधीची अट खरी आहे की नुसती सवयीची, हे शिकणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येते का यावरूनच ठरते, आणि अट खरी निघाली तर ती पुरी करून घेण्याचे निम्मे ओझे प्रवेश देणाऱ्यावर येते.

वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभी चार गोष्टी सांगण्याची रीत आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, दोहोंचा ग्रंथाशी संबंध कसा, आणि अधिकारी कोण. ग्रंथ कोणासाठी आहे हे न सांगता तो सुरूच करायचा नाही, अशी ही शिस्त. पण खरा वाद ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर पेटला. ब्रह्माचा विचार सुरू करण्याआधी काय झालेले असले पाहिजे? एक उत्तर होते की आधी कर्मकांडाचा, म्हणजे पूर्वमीमांसेचा अभ्यास पुरा व्हावा, मग उत्तरमीमांसा. आजच्या भाषेत, पहिले वर्ष सुटल्याशिवाय दुसरे नाही. शंकराचार्यांनी हे नाकारले, आणि नाकारण्याची त्यांची पद्धत फार उपयोगी आहे. त्यांनी अट काढून टाकली नाही, अट तपासली. वेदान्त शिकलेल्या माणसाला धर्मविचाराच्या आधीही ब्रह्माची जिज्ञासा होऊ शकते. दोन्ही शास्त्रांचे विषय वेगळे, फळे वेगळी, एकाचे फळ अनुष्ठानावर अवलंबून, दुसऱ्याचे नाही. तेव्हा एक दुसऱ्याची पायरी कशी? याउलट चार गोष्टी मात्र त्यांनी अटळ मानल्या: नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, इथल्या आणि परलोकातल्या भोगांविषयी वैराग्य, शमदमादी साधने, आणि मुक्तीची इच्छा. त्यांचा निकष सरळ आहे. या चार असतील तर धर्मविचाराच्या आधीही ब्रह्मविचार होतो आणि नंतरही होतो. या नसतील तर कधीच होत नाही. म्हणजे जिच्याविना पुढचे घडतच नाही आणि जिच्यासह घडते, तीच अट. बाकीचा क्रम परंपरेने लागलेला असेल, सोयीचा असेल, चांगलाही असेल. त्याला अट म्हणता येणार नाही.

हा निकष अभ्यास मंडळाच्या टेबलावर ठेवला तर बरेच काही हलते. कलनाची ओळख नसताना यामिकी शिकवता येत नाही, ही अट निकषाला उतरते. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रियांच्या आधी बंधांची समज लागते, तीही उतरते. पण मराठी साहित्याच्या एका कालखंडाचा पेपर दुसऱ्या कालखंडाच्या आधी झालाच पाहिजे, किंवा अर्थशास्त्रातला सार्वजनिक आयव्ययाचा पेपर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या आधी हवाच, यात अटळपणा कुठे आहे? हे क्रम एका विद्यापीठाने एका वर्षी कुठल्या तरी बैठकीत ठरवलेले असतात. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही 1945 ची. सुरुवातीला ती मुंबई विद्यापीठाखाली होती, 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर पुण्याकडे गेली, आणि 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याकडे आली. इमारत तीच, बाके तीच, पुष्कळदा प्राध्यापकही तेच. पदवीवरचे विद्यापीठ दोनदा बदलले. विद्यापीठाच्या हद्दी शासन आखते आणि बदलते. त्या हद्दींमुळे पडलेल्या फरकाला ज्ञानाच्या स्वरूपातून आलेली अट समजणे हा प्रकारांचा घोटाळा आहे.

रामानुजाचार्यांना शंकराचार्यांचे हे उत्तर पटले नव्हते, आणि त्यांची हरकत हलकी नाही. त्यांच्या मते पूर्व आणि उत्तर मीमांसा मिळून एकच शास्त्र होते. शिवाय ते विचारतात की कर्माचे फळ थोडे आणि नाशवंत असते हे ज्याने कर्मविचार करून पाहिलेच नाही, त्याच्याजवळ नित्य-अनित्याचा विवेक येणार कुठून? म्हणजे तुम्ही ज्या क्षमता मागता त्या त्या अभ्यासक्रमातूनच तयार होतात. अभ्यासक्रम टाळून क्षमता मागणे पोकळ आहे. आजचा कोणताही अनुभवी प्राध्यापक हेच म्हणेल. पेपर म्हणजे नुसती माहिती नसते, तो करता करता हात बसतो, आणि हात बसल्याचा दुसरा पुरावा कोणाकडे असतो? या आक्षेपाला माझे उत्तर अर्धे होकाराचे आहे. क्षमता सहसा अभ्यासातून येते, हे खरेच. पण ती त्याच नावाच्या, त्याच क्रमांकाच्या पेपरातूनच येते, हे यातून सिद्ध होत नाही. रामानुजांनी मागितला तो विचार; त्याचे प्रमाणपत्र नव्हे. आणि पेपर पास झाला म्हणजे हात बसला, हे उलट दिशेचे अनुमान तर आपण सगळेच रोज खोटे ठरताना पाहतो.

खान्देशाजवळ याचा सगळ्यात जुना दाखला आहे. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेवाचे देऊळ आहे. मुक्ताईचे स्थानही त्याच तालुक्यात. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे योगसाधना केलेल्या चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, आणि कागद कोराच गेला. ज्ञानेश्वरांनी त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि पुढे चांगदेवाने गुरू केले ते पोरवयाच्या मुक्ताईला. आख्यायिकेचा इतिहास तपासणे इथे गरजेचे नाही. ती काय मानते एवढेच बघायचे. ती असे मानते की तास भरले म्हणजे अधिकार आला असे होत नाही. आजचे क्रेडिट हे तासांचे एकक आहे. पंधरा तासांचे वर्गाध्यापन म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला तीस तास. या हिशेबाने चांगदेवाची क्रेडिट कोणत्याही पोर्टलवर मावली नसती. छांदोग्य उपनिषदात हीच गोष्ट आणखी नेमकी आहे: इंद्र आणि विरोचन दोघेही प्रजापतीकडे बत्तीस-बत्तीस वर्षे राहिले, दोघांना एकच उत्तर मिळाले, विरोचन समाधानाने घरी गेला आणि इंद्र अर्ध्या वाटेतून शंका घेऊन परतला. दोघांची हजेरी सारखी होती. पुढच्या धड्याचा अधिकार शंकेने आला, आणि ती शंका कोणत्याही गुणपत्रिकेत दिसली नसती.

म्हणूनच 2021 च्या जुलैमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची जी नियमावली आणली तिने प्रश्न सुटला असे मला वाटत नाही, तरी ती चांगली गोष्ट आहे. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळवलेली क्रेडिट खात्यावर जमा राहतात, दुसऱ्या संस्थेत वापरता येतात, निदान निम्मी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावी लागतात, आणि जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा खणांत ही क्रेडिट पडू लागली. पण खात्यावरचा आकडा हा आकडाच असतो. चार क्रेडिटचे रेषीय बीजगणित आणि चार क्रेडिटचे कलन बँकेच्या दृष्टीने सारखे, पुढच्या पेपराच्या दृष्टीने मुळीच सारखे नाही. बँकेने एवढे केले की दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे केले. किती शिकलात, याचे उत्तर आता यंत्र देते. पुढचे झेपेल का, याचे उत्तर मात्र माणसालाच द्यावे लागणार, आणि नेमके तेच उत्तर द्यायची आपली तयारी कमी पडते.

या संस्थेतून त्या संस्थेत जाताना, किंवा या अवस्थेतून त्या अवस्थेत जाताना, नेमके काय सोबत जाते? या प्रश्नावरची सर्वांत विचारपूर्वक चर्चा गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ती मराठीत सर्वांत सोपी करून सांगितली गेली ती धुळ्याच्या तुरुंगात. 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सांगणारे 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघाले असता सुरतेला गाडीतून उतरून काशीकडे वळलेले, आणि ऐकणारे राजकीय कैदी. श्रोत्यांकडून कोणी संस्कृतची परीक्षा मागितली नव्हती. पूर्वतयारीचा भार बोलणाऱ्याने स्वतःवर घेतला होता, हे त्या प्रवचनांच्या प्रत्येक पानावर जाणवते. तर सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की श्रद्धेने निघालेला पण योग पुरा न करता मध्येच थांबलेला माणूस इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही होत नाही, मग त्याचे काय? कृष्णाचे उत्तर असे की त्याचा नाश होत नाही. तो पुन्हा जन्मतो तेव्हा आधीची बुद्धी त्याला लाभते आणि प्रयत्न तिथून पुढे सुरू होतो. पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो. पुनर्जन्म माना किंवा न माना, या उत्तरातले तत्त्व लक्षात घ्यावे. आधीच्या जन्माची आठवण सोबत येते असे गीता म्हणत नाही. दाखला येत नाही, नाव येत नाही, घर बदलते. सोबत येतो तो अभ्यास, म्हणजे घडलेली ओढ आणि घडलेली क्षमता. ती आहे की नाही हे तिच्या कामावरून कळते. गीतेने तिला मुदत घातलेली नाही, आयोगाने सात वर्षांची घातली. पण न वापरलेले गणित विसरले जाते हे कबूल करायला हवे, त्यामुळे आयोगाला इथे दोष देत नाही.

आता उणीव म्हणजे काय हेही बघायला हवे, कारण ‘पेपर राहिला’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडतात. त्यासाठी धुळे-जळगावच्या मधोमध, अमळनेरला जावे लागते. 1916 साली प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापले. एका गिरणीमालकाने तालुक्याच्या गावी अद्वैताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, हे आजही नवल वाटण्यासारखे आहे. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिथल्या तिघांनी मिळून 1933 मध्ये अज्ञान याच विषयावर पुस्तक लिहिले. अद्वैताची प्रसिद्ध भूमिका अशी की अज्ञान म्हणजे ज्ञानाचा निव्वळ अभाव नाही. ते भावरूप आहे, ते झाकते आणि भलतेच दाखवतेही. तत्त्वमीमांसेत ही भूमिका टिकते की नाही यावर वाद आहेत, पण शिक्षणाला ती चांगली लागू पडते. एखाद्या विद्यार्थ्याने सांख्यिकीचा पेपर केलेलाच नाही, ही एक स्थिती. दुसऱ्याने तो केला आहे, पण सूत्रे पाठ करून, आणि सहसंबंध दिसला की कार्यकारण आहे असे तो ठामपणे समजतो. पहिल्याच्या गुणपत्रिकेत जागा रिकामी आहे, दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत बासष्ट गुण आहेत. पुढच्या वर्गात अधिक त्रास कोणामुळे होईल? अभाव भरून काढता येतो. भावरूप अज्ञान आधी काढावे लागते. आपली एलिजिबिलिटीची पद्धत पहिल्याला अडवते आणि दुसऱ्याला सन्मानाने आत घेते. तिला फक्त अभाव दिसतो, कारण कागदावर फक्त अभावच दिसू शकतो.

इथपर्यंतच्या मांडणीवर एक रास्त संताप होऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. अधिकार हा शब्द या देशात शिकण्याची दारे लावायलाच वापरला गेला. ज्या शंकराचार्यांचा निकष मी वर वाखाणला, त्यांनीच ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शूद्रांना वेदाधारित विद्येचा अधिकार नाही असे प्रतिपादन केले. जन्म ही अट त्यांच्या स्वतःच्याच निकषाला उतरत नाही. ‘जिच्याविना घडतच नाही’ अशी ती नाही, आणि हे त्यांनाही पूर्णपणे झाकता आले नाही. त्याच अधिकरणात विदुर आणि धर्मव्याध यांची नावे घेऊन ते मान्य करतात की पूर्वसंस्कारांमुळे ज्यांना ज्ञान झालेच आहे त्यांना ज्ञानाचे फळ मिळण्यापासून रोखता येत नाही. म्हणजे प्रवेश नाकारायचा, पण जो आत पोचलेलाच आहे त्याला पोचला नाही असे म्हणता येत नाही. हा अपवाद नियमाला आतून पोखरतो. ज्ञान झाले असल्याची खूण जर ज्ञानातच असेल, तर दारावरची खूण कशासाठी? मुक्ताईला गुरू करणाऱ्या चांगदेवाच्या कथेने, आणि एकूण वारकऱ्यांनी, नियम सोडून हा अपवाद उचलला असे मी समजतो.

आजच्या अटी जन्मावर बोट ठेवत नाहीत, पण त्यांचा भार सारखा पडतो असेही नाही. अक्कलकुवा किंवा धडगावसारख्या दुर्गम ठिकाणच्या महाविद्यालयात जितके मेजर असतील, त्याहून जळगावच्या मोठ्या महाविद्यालयात जास्त असणार. कोणता विषय ठेवायचा हे कोणत्या विषयाला शिक्षक आहे यावर ठरते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याचा जो पेपर ‘राहिला’ असे शहरातले विद्यापीठ म्हणते, तो त्याला कधी देऊच केला गेलेला नसतो. संस्थेची उणीव विद्यार्थ्याच्या नावावर चढते. अशा वेळी अट लावणाऱ्याने निदान एवढे तरी पाहावे की ती पुरी करण्याची संधी या मुलाला कुठे आणि केव्हा होती.

आता उलट बाजूचे टोक. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले, तेव्हापासून एक युक्तिवाद सहज तोंडी येतो: बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांची गाणी त्यांच्या मुलाने आणि आप्ताने लिहून ठेवली, त्या गेल्यानंतर 1952 मध्ये पुस्तक आले, आणि आज विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते, मग कसली पूर्वअट आणि कसले काय? हा युक्तिवाद बहिणाबाईंवर अन्याय करतो. असोद्याच्या त्या बाईंची तयारी अफाट होती. शेतीचे सगळे काम, घरातला आणि गावातला शब्दसंग्रह, ओवीची चाल, कीर्तनांतून कानावर पडलेले संतवाङ्मय, वैधव्याने आणि कष्टाने दिलेले निरीक्षण. यातले काहीही वगळून ती गाणी होत नाहीत. म्हणजे शंकराचार्यांचा निकष लावला तरी त्यांच्या कवितेला पूर्वअटी होत्याच. फक्त त्यांतली एकही विद्यापीठाच्या अर्जात लिहिता येण्यासारखी नव्हती. त्यामुळे बहिणाबाईंचे उदाहरण तयारीच्या विरुद्ध जात नाही. तयारी आणि तिचा कागद यांना एकच समजणाऱ्यांच्या विरुद्ध जाते. ओळखीने चालवून घेणाऱ्यांनाही ते आधार देत नाही.

या चालवून घेण्याविषयी थोडे कठोर बोलायला हवे. सहानुभूती म्हणून अट माफ करणे आणि विद्यार्थ्याला वर्गात सोडून देणे, हा दयेचा आव आणलेला निष्काळजीपणा आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत येणारी मुले शिरपूर, बांभोरी, जळगाव, धुळे, सगळीकडे आहेत. प्रात्यक्षिकात ती इतरांच्या पुढे असतात आणि गणितात अडखळतात, कारण बाकीच्या वर्गाने पहिल्या वर्षात केलेले गणित त्यांच्यासमोर त्याच रूपात आलेले नसते. त्यांना प्रवेश देणे योग्यच. पण प्रवेश देऊन गणिताचा वर्ग तसाच पुढे रेटला, तर पुढे एटीकेटीच्या रूपाने जे साचते त्याला नियम लवचीक आहे असे म्हणता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा एक जुना नियम इथे आदर्श वाटतो. बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळे, मात्र पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी रेखन आणि अभियांत्रिकी यामिकी हे विषय त्याला दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर उत्तीर्ण व्हावे लागत. नियमाने कोणते पेपर खरोखर लागतात ते नावानिशी सांगितले, बाकीचे सोडून दिले, आणि राहिलेले भरून काढण्याची वाट प्रवेशाच्या आत ठेवली. 2021 मध्ये याच परिषदेने अभियांत्रिकीच्या काही शाखांना बारावीचे भौतिकशास्त्र किंवा गणित सक्तीचे न ठेवण्याची मुभा दिली आणि उणीव ब्रिज कोर्सने भरावी असे म्हटले. त्यावर उठलेला गदारोळ अनाठायी नव्हता. गणित अभियांत्रिकीला लागते, ते निकषाला उतरते. आणि ब्रिज कोर्स कागदावरच राहिला तर त्या मुभेत काही अर्थ उरत नाही.

दर्जा घसरेल, हा आक्षेप प्रत्येक वेळी येतो, आणि त्याला नेहमी पुलाचे उदाहरण जोडलेले असते: उद्या याने बांधलेला पूल पडला तर? पण पूल बांधायचे काम पदवीनंतर मिळते. समाजाचे रक्षण बाहेर पडण्याच्या दारावर करायचे असते. आत येण्याच्या दारावर कडक पहारा आणि बाहेरच्या दारावर ढिलाई, ही आपली नेहमीची उलटी व्यवस्था. मात्र या उत्तराला मर्यादा आहे. शिकत असतानाच ज्याच्या चुकीची किंमत तिसरा माणूस मोजतो, अशा विद्यांत क्रम सैल करता येत नाही. परिचर्येची किंवा वैद्यकाची विद्यार्थिनी वॉर्डात जाण्याआधी शरीररचना शिकलेली हवीच. तिथे ‘बरोबरच करून घेईल’ हे चालणार नाही. राहिलेल्या पेपराची जोखीम शिकणाऱ्यावरच पडत असेल तर ती पत्करण्याचा हक्क त्याला द्यावा, रुग्णावर पडत असेल तर देऊ नये. एवढी रेषा ओढली की बहुतेक बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे प्रश्न पहिल्या बाजूला येतात.

आधी तयार हो मग आत ये, या आग्रहावर हेगेलने कांटला उद्देशून केलेला विनोद प्रसिद्ध आहे. जाणण्याची साधने जाणण्याआधीच तपासून घ्यायची म्हणजे पाण्यात उतरण्याआधी पोहायला शिकण्याचा शहाणपणा, असे तो म्हणाला. खान्देशात विहिरीवर पोहायला शिकलेल्या कोणालाही हे पटेल, पण त्याला हेही माहीत असते की पहिल्या दिवशी कमरेला दोर असतो आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या कोणाच्या तरी हातात असते. नुसते ढकलून देण्याला शिकवणे कोणी म्हणत नाही.

तो दोर कोणी धरायचा, यावर सगळे अडते. छांदोग्यातच नारद सनत्कुमारांकडे येतो तेव्हा सनत्कुमार त्याला आधी जे येते ते सांगायला लावतात, पुढचे तिथून सांगू म्हणतात. नारद वेदांपासून गणितापर्यंत लांबलचक यादी देतो. ती यादी तपासायला सनत्कुमारांनी दुसऱ्या कोणाला नेमले नाही. जो पुढचे शिकवणार आहे त्यानेच विचारले, आणि शिकवणे नारद होता त्या जागेवरून सुरू झाले. आपल्याकडे अर्ज तपासणारा शिकवणार नसतो आणि शिकवणाऱ्याला अर्ज दिसत नाही. हे काम विभागातल्या शिक्षकांकडे द्यावे, तर वशिल्याची भीती दाखवली जाते, आणि ती खोटी नाही. अधिकार ठरवण्याचा हक्क माणसाच्या हाती आला की काय होते हे या देशाने पुरेसे पाहिले आहे. त्यावर उपाय एवढाच की नकार देणाऱ्याने कारण लिहून द्यावे: पुढच्या कोणत्या पेपरातला कोणता भाग या उणिवेमुळे समजणार नाही. एक छोटी लेखी चाचणी, अर्ध्या तासाची तोंडी, आणि सही केलेले कारण. ‘अभ्यासक्रम समकक्ष नाही’ हा शेरा कारण म्हणून धरला जाऊ नये.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. राहिलेल्या पेपराचा वर्ग घ्यायला शिक्षक हवा, आणि खान्देशातल्या अनेक महाविद्यालयांत विषयच्या विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर चालतात. त्यांना नेमून दिलेल्या तासांचे मानधन मिळते. तीन मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत वीस तास घेतले तर ते कोणत्या खात्यातून द्यायचे, याची तरतूद नसते. तत्त्वज्ञानाने ही तरतूद होणार नाही. पण प्रवेश देणारे विद्यापीठ त्या मुलीकडून पात्रता शुल्क घेते, स्थलांतराचे शुल्क घेते, परीक्षेचे शुल्क घेते, आणि अट तिच्यावर घालून ती पुरी करण्याचे साधन मात्र तिने बाहेरून, खासगी क्लासात, आणखी पैसे मोजून आणावे अशी अपेक्षा धरते. तेव्हा शुल्काच्या पावतीवर जिथे एलिजिबिलिटी लिहिलेले असते, त्याच रकमेतून हे वीस तास भागवायला हवेत.